उडालेल्या फोटोत बरंच उरलेलं असतं

“फोटो उडालाय, आता त्यात काही राहिलं नाही,” असं म्हणून आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो पुन्हा कपाटात जातो. बहुतेक वेळा हे खरं नसतं. कृष्णधवल फोटोतली प्रतिमा चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची असते. धुताना हायपो (प्रतिमा पक्की करणारं रसायन) पुरता निघाला नाही किंवा दमट हवेत चांदीवर रासायनिक क्रिया झाली, की काळं ते फिकट, पिवळट तपकिरी होतं. पण पिवळा रंग निळा प्रकाश शोषतो. म्हणून असा फोटो रंगीत स्कॅन करून गिंप किंवा फोटोशॉपमध्ये लाल, हिरवा, निळा हे चॅनल वेगवेगळे पाहावेत. डोळ्यांना न दिसणारी लुगड्याची किनार निळ्या चॅनलमध्ये बरेचदा सापडते. उलट, फोटो शाबूत असून त्यावर फक्त पिवळा डाग पडला असेल, तर लाल चॅनलमध्ये तो डाग जवळजवळ दिसेनासा होतो. कृष्णधवल फोटो कृष्णधवलच स्कॅन करायचा, या समजुतीमुळे दुरुस्तीची ही सगळी वाट सुरुवातीलाच बंद होते.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या रंगीत फोटोंबद्दलचा समज वेगळा आहे. ते लाल झाले, म्हणजे लाल रंग वाढला असं वाटतं. मुळात रंगीत फोटोत सायन, मॅजेंटा आणि पिवळा अशी तीन रंगद्रव्यं असतात आणि त्या काळच्या अनेक कागदांवर अल्बमच्या अंधारातही सायन आधी फिका पडे. तो गेला, म्हणून लाल उघडा पडला. अशा वेळी सरसकट लाल कमी केला, तर पांढरा सदराही हिरवट-निळा दिसू लागतो. लेव्हल्समध्ये फक्त लाल चॅनल निवडून त्याची गडद बाजू आत ओढावी. सावल्या आणि केसांचा काळेपणा परत येतो, पांढरं पांढरंच राहतं.

स्कॅन करताना डीपीआय जितका जास्त तितकं चांगलं, हेही खरं नाही. छापील फोटोला बहुधा ६०० पुरतो. कागदात नसलेला तपशील २४०० डीपीआयने येत नाही. निगेटिव्ह मिळाली तर मात्र तेवढा डीपीआय हवाच, कारण ३५ मिमी फिल्मची चौकट जेमतेम २४ × ३६ मिमी असते. डीपीआयपेक्षा बिट महत्त्वाचे. ८ बिटमध्ये प्रत्येक चॅनलला २५६ छटा असतात. फिक्या फोटोने त्यांचा तिसरा हिस्साच वापरलेला असेल, तर त्या ताणल्यावर गालावर पट्टे उमटतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ छटा मिळतात, म्हणून १६ बिट टिफ फाइलच घ्यावी.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘एआय जुना चेहरा परत आणतं’. जो तपशील फोटोत उरलेलाच नाही, तो कुठलंही सॉफ्टवेअर शोधून काढू शकत नाही. ते तिथे शक्य वाटेल असं काहीतरी रचतं. २०२१ मध्ये आलेलं जीएफपीगॅन हे गाजलेलं मॉडेल फ्लिकरवरच्या ७०,००० चेहऱ्यांच्या संग्रहावर शिकलेलं आहे. ते आजच्या काळातले, डिजिटल फोटोंतले चेहरे. पणजीच्या हनुवटीवरचं गोंदण, गालावरचे देवीचे व्रण हे अशा साधनांना खराबी वाटू शकतात आणि ती साधनं ते गुळगुळीत करून टाकतात. मग फोटो स्पष्ट दिसतो, पण त्यातली बाई पणजी राहत नाही. माझ्या मते चेहऱ्याला हे साधन लावूच नये. ओरखडे, घड्या, ठिपके क्लोन किंवा हीलिंग ब्रशने एकेक करून काढावेत. वेळ लागतो, पण नाक-डोळे तिचेच राहतात.

रंग भरण्याचंही तेच. पॅनक्रोमॅटिक (सगळे रंग टिपणारी) फिल्म रुळण्याआधीच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे कपाळावरचं लाल कुंकू काळं येई आणि लाल लुगडं काळ्या चंद्रकळेसारखंच गडद. त्यातलं कोणतं लुगडं होतं, हे यंत्राला कळायला मार्ग नाही; घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारावं आणि रंगवलेली प्रत वेगळी ठेवावी. काही स्टुडिओ फोटोवर हातानेच रंग भरत. अशा फोटोला ‘ऑटो कलर’ लावलं, तर पिवळेपणाबरोबर ते नाजूक रंगही बदलतात.

फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नये, प्रतिमेचा थर काचेवरच राहतो; काचेसकट स्कॅन करावा. बुरशी ओल्या फडक्याने पुसू नये, कारण बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. आणि काम झालं म्हणून मूळ फोटो टाकून देऊ नये. सॉफ्टवेअर केवळ प्रतीवर काम करतं, आणि आज न निघालेलं पुढे चांगल्या स्कॅनरवर निघू शकतं. हात न लावलेली पहिली टिफ जपून ठेवावी. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणी लिहिलेली नावं पाठीमागेच असतात, तेव्हा मागची बाजूही स्कॅन करावी.