ओठांची दुसरी शिकवणी

ओबो हे पाश्चात्त्य वाद्यवृंदातील सुषिर वाद्य. आपल्या सनईचे ते दूरचे भावंडच. दोन्हींत एकत्र बांधलेली दोन पातळ पाती फुंकरीने थरथरतात आणि त्यातून नाद निघतो. मैफलीपूर्वी सारा वाद्यवृंद ज्या स्वराशी वाद्ये जुळवतो, तो स्वर बहुधा ओबोवादकच देतो.

हे वाद्य वाजवणे मात्र सोपे नव्हे. वादक ओठ दातांवर आत मुडपतो आणि त्यांत ती पाती धरतो. पात्यांमधली फट इतकी चिंचोळी असते, की छातीतला श्वास संपत नाही, उलट साचतो. म्हणून शिळा श्वास आधी सोडून मगच नवा घ्यावा लागतो. स्वराचा सारा तोल ओठांच्या स्नायूंवर असतो.

हे ध्यानात घेतले, म्हणजे लिऑन गूसेन्स या इंग्रज वादकावर काय प्रसंग ओढवला ते कळते. त्यांचा जन्म १८९७ साली लिव्हरपूल येथे, संगीतात मुरलेल्या घराण्यात झाला. वडील व थोरले बंधू वाद्यवृंदसंचालक, तर दोन बहिणी हार्पवादक. १९३२ साली टॉमस बीचम यांनी लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंद उभारला, तेव्हा प्रमुख ओबोवादक गूसेन्सच होते. लंडनच्या रॉयल अॅकॅडमी व रॉयल कॉलेज या दोन्ही संगीतसंस्थांत त्यांनी अध्यापन केले. एव्हलिन रॉथवेल ही नामांकित वादक त्यांचीच शिष्या. त्यांच्या वादनातील हळुवार कंपामुळे ओबो एकलवादनाचे वाद्य म्हणून मान्यता पावले. व्हॉन विल्यम्स यांनी १९४४ साली आपली ओबो-रचना लिहिली, ती त्यांच्यासाठीच.

१९६२ साली मोटार-अपघातात त्यांचे ओठ व दात जबर दुखावले. वय पासष्टीचे. दुसरा कोणी असता तर केवळ अध्यापनावर समाधान मानता. त्यांनी मात्र ओठांच्या वेगळ्या स्नायूंना पात्यांची पकड पहिल्यापासून शिकवली आणि काही वर्षांनी ते पुन्हा श्रोत्यांसमोर उभे राहिले. १९८८ साली त्यांचे निधन झाले.

हे कसे साधले असावे? मला वाटते, कला ओठांत असली तरी तिचे माप कानांत असते. हवा तो स्वर कानाला ठाऊक होता. नव्या स्नायूंना तिथवर न्यायचे होते. शिष्यांसाठी आयुष्यभर जे केले, तेच त्यांनी आता स्वतःसाठी केले. गुरू आणि शिष्य यांतले अंतर आपण फार मोठे मानतो. गूसेन्स यांच्या बाबतीत ते दोघे एकाच खुर्चीवर बसले होते.