डिकीत बसलेला माणूस

संपादकांनी विषय दिला होता 'पावसाळ्यात गाडीची काळजी'. वायपर, टायर, ब्रेक यांची आठवण करून दिली की असा लेख होतो आणि तो कोणी वाचत नाही. तरी मी हो म्हटलं, कारण माझ्याच गाडीच्या डिकीत स्टेपनी पाण्यात बसली होती. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दोनदा गाडी देऊन झाली होती. दोन्ही वेळा बिलावर 'गळती काढली' असं छापून आलं आणि पुढच्या सरीला वळणावर डिकी डचमळली. मग कोणीतरी म्हणालं, चिपळूणला हायवेच्या अलीकडे एक चाचा आहेत, ते डिकीत बसतात.

बसतात म्हणजे खरंच बसतात. साठी उलटलेला शिडशिडीत माणूस. आधी कार्पेट, हार्डबोर्ड, जॅक, स्टेपनी सगळं बाहेर काढलं. उघड्या पत्र्यावरचं पाणी फडक्याने टिपलं आणि जोडांच्या कडेकडेने अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरली. मागच्या सीटची पाठ पाडून ठेवली, ती श्वासाला. मग टॉर्च घेऊन, गुडघे हनुवटीला लावून ते आत गेले आणि पोऱ्याला म्हणाले, "लाव झाकण."

अमेरिकेत २००१च्या सप्टेंबरपासून बनणाऱ्या मोटारींना डिकी आतून उघडायची सोय सक्तीची आहे, बहुधा अंधारात चमकणारी मूठ. चाचांकडे त्यासाठी पाना आहे. पत्र्यावर तीन टकटक म्हणजे पाणी थांबव, पाच म्हणजे उघड.

पोऱ्याने पाइप घेतला. आतून आवाज आला, "धार नको रे, पाऊस कर!" त्याने पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला.

क्रम ठरलेला: खालून वर. आधी बंपर, मग दिवे, मग झाकणाचं रबर, बिजागऱ्या, काच आणि शेवटी छत. वरून सुरू केलं तर तेच पाणी ओघळत सगळ्या जागांवरून जातं आणि चोर गर्दीत मिसळतो. एकेका जागेला दहा मिनिटं. या दहा मिनिटांत बघणाऱ्याला काही काम नसतं. मी टपरीवर चहा घेतला, परत आलो, तरी पोऱ्या तिथेच अंगठा दाबून उभा.

डिकी हा शब्दच मुळात भिजणाऱ्यांचा. जुन्या मोटारींच्या पाठीमागे झाकण उघडलं की उघड्यावरची जादा सीट निघे, ती डिकी सीट. पावसात तिथला माणूस भिजणारच. स्टेपनीही परदेशी पाहुणी. वेल्समधल्या लानेलीच्या डेव्हीस बंधूंनी १९०४ साली पंक्चर चाकाला बांधायचं जादा चाक काढलं. त्यांचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर. रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं आणि आपल्याकडे घरचंच होऊन गेलं. आजच्या कारखान्यांत पत्र्यांचे जोड सीलंटने भरतात, भट्टीत पक्के करतात, तयार गाडी फवाऱ्याखालून काढतात. म्हणजे गाडी कोरडी जन्मते. गळायला ती पुढे शिकते.

चाचांचा पहिला प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला होता: "साहेब, पाणी उभ्या गाडीत भरतं की चालत्या?" मी म्हटलं, पाऊस असला की भरतं. त्यांनी मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी.

पोऱ्याने पाइप खाली धरून मागच्या चाकाच्या अंगाने बंपरखाली वर मारला आणि तीन टकटक झाल्या. झाकण उघडल्यावर मीही आत डोकं घातलं. डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या पावडरीवर मुंगीच्या वाटेएवढी एक काळी रेघ. पत्र्याच्या जोडाला धरून ती निघाली होती, मागच्या आडव्या पट्टीखालून पलीकडे गेली होती आणि उजवीकडे स्टेपनीच्या खळग्यात उतरली होती. वर्कशॉपने पाणी उजवीकडे दिसलं म्हणून उजव्या दिव्याभोवती सिलिकॉन थापलं होतं. पाणी शिरतं एकीकडे आणि सापडतं भलतीकडे.

बंपर उतरवला. त्यामागे, दिव्याच्या खाली, वहीएवढी एक काळी जाळी आणि तिच्यावर पातळ रबराच्या पापण्या. गाडीला मुद्दाम ठेवलेलं हे भोक मी कधी पाहिलं नव्हतं. दार आपटलं की आतली हवा कुठे तरी जायला हवी, नाहीतर दार नीट लागत नाही, कानात दडा बसतो. पंख्याने आत ओढलेली हवाही इथूनच बाहेर पडते. पापण्या बाहेरच्या बाजूला उघडतात, आत दाबल्या तर मिटतात. चाचांनी मला दार आपटायला लावलं. तिन्ही पापण्या एकदम लवल्या आणि मिटल्या. मी आणखी चार वेळा दार आपटलं. गरज नव्हती.

पापण्या निर्दोष होत्या. दोन वर्षांपूर्वी एका स्कूटरने ठोकर दिल्यावर बंपर काढून बसवला होता. तेव्हा चौकटीचा एक कोपरा खाचेत बसलाच नव्हता. भोवतीचा फोम पापडासारखा झालेला. चाकाने उडवलेलं पाणी त्या फटीतून आत. चाचांनी फोम खरवडला, पत्रा पुसून कोरडा केला, काळी चिकट ब्युटाइल टेप फिरवली आणि चौकट तळहाताने दाबली. टक्.

मग उजव्या दिव्याचं सिलिकॉन सोलून त्यांनी मला दाखवलं. खालचा पत्रा तांबूस झाला होता. "लावताना सिरक्याचा वास येतो ना, ते पत्रा खातं." दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे खळग्याच्या तळाचं रबरी बूच कायमचं काढून टाकणं. पाणी जातं खरं, पण त्याच वाटेने सायलेन्सरचा धूर आत येऊ शकतो.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदी चिपळूण शहरात शिरली. तेव्हापासून ओली डिकी घेऊन आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चाचा आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायला लावतात. तळाच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ असली तर ती गळती नव्हे, पूर. पुसून विकलेली गाडी. हे सांगताना त्यांचा आवाज उतरतो, कारण घेणारा बहुतेक वेळा कर्ज काढून आलेला असतो.

माझ्याकडून दिवसभराचे नऊशे घेतले. टेप, मजुरी, सगळं धरून. शोधण्याचे किती, विचारलं तर हसले. "टेप दिसते साहेब, तिचे पैसे लोक देतात." काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, काहींत त्या जागी वायरींचे डबे असतात. तिथे पाइप मारायला ते धजत नाहीत. गुडघे आता सहापेक्षा जास्त वेळा आत-बाहेर करू देत नाहीत. आणि पोऱ्याला पाइप धरायला आवडतं. आत बसायला तो तयार नाही, अंधाराला भितो.

तीन आठवडे डिकी कोरडी होती. परवा रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी उघडून पाहिलं तर खळग्यात अंथरलेल्या वर्तमानपत्रावर बशीएवढा ओला डाग. गाडी रात्रभर हललीही नव्हती. मी फोन लावला. पलीकडून पाण्याचा आवाज येत होता, कोणाची तरी गाडी चालू असावी.

"उभी होती ना? मग नाक कुठे होतं, चढाकडे की उताराकडे?"

मी खिडकीतून पाहिलं. चढाकडे.

"मग बिजागरी," चाचा म्हणाले. "नाहीतर काच. घेऊन या."