सायकलस्वाराचें हेल्मेट आणि डोक्यास लागणारा वारा

ठाण्याच्या मानपाड्यास एका अंगास येऊरचे डोंगर आणि दुसऱ्या अंगास खाडी आहे. चैत्र-वैशाखांत सकाळींच घोडबंदर रस्त्यावरील हवा दमट व जड होते. अशा वेळीं सायकलस्वार हेल्मेट काढून हँडलास अडकवितो आणि विचारल्यास सांगतो, “डोकें उकडतें.” ही तक्रार कितपत खरी आहे?

सायकल चालवितांना शरीर जी शक्ति खर्च करतें, तिचा सुमारें चौथा हिस्साच पायडल फिरविण्याच्या कामीं येतो. बाकीची उष्णता होते. ती घालविण्याचें मुख्य साधन घाम. एक ग्रॅम पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी लागतात. तेवढाच घाम त्वचेवर वाळला तर सुमारें ५८० कॅलरी घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. नागपुरास माठांतलें पाणी जसें गार होतें तसें ठाण्यास होत नाहीं, त्याचें कारण हेंच. दमट हवेंत वाऱ्याची गरज अधिक.

हा वारा सायकलस्वार स्वतःच निर्माण करतो. ताशीं २० किलोमीटर वेगानें जातांना त्यास सेकंदास साडेपांच मीटर वारा लागतो. हेल्मेटाच्या पुढील छिद्रांतून तो आंत शिरतो, आंतील पन्हळींतून टाळूवरून वाहतो आणि मागील छिद्रांतून उष्णता व बाष्प घेऊन निघून जातो. म्हणून छिद्रांच्या संख्येपेक्षां त्यांना जोडणारी वाट मोकळी असणें महत्त्वाचें. जुन्या सोला टोपींतहि हेंच तत्त्व होतें: माथ्यावर झरोका आणि डोक्याभोंवतीं हवेपुरती फट. शिवाय हेल्मेट ऊन अडवितें, हा लाभ विसरूं नये. उष्ण हवेंत केलेल्या प्रयोगांतहि छिद्रांच्या हेल्मेटामुळें शरीराचें आंतरिक तापमान विशेष वाढल्याचें आढळलें नाहीं.

तक्रार खरी ठरते ती चढावर. येऊरच्या चढावर वेग ताशीं ८ किलोमीटरांवर आला कीं वारा निम्म्याहूनहि कमी होतो, आणि श्रम मात्र वाढतात. शर्यतींच्या जगांतहि हाच पेंच पडला होता. मार्च २००३ मध्यें पॅरिस-नीस शर्यतींत आंद्रेई किविलेव्ह हा कझाक स्वार हेल्मेटावांचून पडला आणि डोक्यास मार लागून मरण पावला. त्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय संघटनेनें हेल्मेट सक्तीचें केलें. आरंभीं शेवटच्या लांब चढावर तें उतरविण्याची मुभा होती, पुढें तीहि काढून घेण्यांत आली.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांतील हेल्मेटाची सक्ती साध्या सायकलीस लागू नाहीं. निर्णय घरांतच व्हावयाचा असतो. तेव्हां फिकट रंगाचें, पुढें-मागें छिद्रें असलेलें हेल्मेट निवडावें. तें भुवयांच्या किंचित् वर सरळ बसवावें. खालीं जाड टोपी घालूं नये. कपाळावरील गादी धुवून वाळवावी. घरीं नवीं छिद्रें मात्र पाडूं नयेत, कारण आंतील फेस चिरडून आघात झेलतो. तो पोखरला तर आधार जातो. फारच उकडल्यास सावलींत थांबून हेल्मेट काढावें, पाणी प्यावें, डोकें भिजवावें आणि पट्टा पुन्हा बांधूनच पायडलवर पाय ठेवावा. चढ संपला कीं उतार लागतो, आणि डोक्यास खरा धोका तेथेंच असतो.