सुट्टीत भांडुपमध्ये काय ऐकाल? शक्ती-तुरा आणि डबलबारी!

दिवाळी आली की संगीताच्या नावाखाली दिवाळी पहाटच आठवते. छान असते ती. पण भांडुपकरांनो, आपल्याकडे याहून खमंग माल आहे. कोकणनगर, टेंभीपाडा इथले फलक नीट वाचत जा. 'शक्ती विरुद्ध तुरा' दिसलं की जागा धरा.

रत्नागिरी-रायगडकडचा हा जाखडी नाच. शक्तीवाले म्हणजे कलगी पक्ष, ते शक्तीला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवाला. आधी गण, मग गवळण, आणि पुढे सवाल-जवाब. ढोलकी किंवा मृदंग, झांज आणि मध्ये बसलेले शाहीर. भोवती घुंगरू बांधलेले नाचे गोल फिरतात. लय चढली की पावलं अशी पडतात की खुर्चीत बसवत नाही.

सिंधुदुर्गकरांची डबलबारी वेगळी. समोरासमोर दोन भजनी बुवा, पेटी, पखवाज, चकवा, झांजा. एकाने पुराणातला प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने गाऊन उत्तर द्यायचं. खरी मजा टोमण्यांत! शेवटचा गजर मात्र चुकवू नका.

नवं संगीत हवंय? मग हेच ऐका. शाहीर आणि बुवा सतत नवी पदं बांधतात. महागाई, मोबाईल, गावाकडची रिकामी घरं, सगळं त्यात येतं. चाली कधी सिनेमातून उचललेल्या असतात. मला ते फारसं रुचत नाही, पण पोरं त्यावरच शिट्ट्या मारतात.

नाट्यगृहातला सामना बघायचा तर शेजारच्या मुलुंडच्या कालिदासच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. आणि तुमच्या वाडीत बारी असेल तर तारीख, वेळ खाली लिहा!