सोलापुरी घरांतल्या हाका

१८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि माणसांचा ओघ वाढला. तेलंगणातले पद्मशाली विणकर आपली तेलुगू घेऊन पूर्व भागात स्थिरावले. कन्नड भाषा इथली जुनीच. इथल्या संत सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात वचनं रचली ती कन्नडमध्येच. मराठी आणि दखनी उर्दू सोबतीला होत्याच. त्यामुळे गेली दीडशे वर्षं या एका शहरात मुलं किती परींनी आईबापांना हाका मारत आली! तेलुगू घरात अम्मा आणि नान्ना, कन्नड घरात अव्वा आणि अप्पा, उर्दू घरात अम्मी आणि अब्बा, मराठी घरात आई किंवा माय, आणि बा किंवा आबा.

पण या हाका एकमेकींसारख्या का वाटतात? शेजारामुळे शब्द उसने घेतले, एवढ्याने हे कोडं सुटत नाही. चिनी आणि स्वाहिलीतही आईला 'मामा' आणि बापाला 'बाबा'च म्हणतात. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरातून आईबापांसाठीचे १,०७२ शब्द जमवले. त्यांच्या आधारे भाषाशास्त्रज्ञ रोमन याकबसन यांनी १९५९मध्ये दाखवलं, की आईसाठीच्या ५५ टक्के शब्दांत म, न असे अनुनासिक ध्वनी येतात, बापासाठीच्या फक्त १५ टक्क्यांत. याकबसन यांच्या मते अंगावर पिणाऱ्या बाळाचं तोंड भरलेलं असतं, हुंकार नाकातून येतो; पुढे भूक लागली की तोच हुंकार मागणं होतो. प, ब तर ओठ मिटून उघडले की निघतात. बाळ नुसतं बडबडतं, आणि आईबाप त्यात आपलं नाव ऐकतात.

तेलुगू नान्ना त्या पंधरा टक्क्यांतला. आमच्या 'आई'त तर व्यंजनच नाही! या हाका देवालाही लागतात. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यातलंच. तिथे एकाच देवाला बापाचा 'बा' लावून विठोबा म्हणतात आणि आईची 'आई' लावून विठाई.

मराठी एकत्र कुटुंबात मात्र हाक बडबडीतून कमी आणि कानांतून जास्त यायची. काका-आत्या वडिलांना दादा, अण्णा, तात्या म्हणत. मुलंही तेच म्हणत. कित्येक घरांत आईसुद्धा मुलांची 'वहिनी' असे. घरं लहान झाली आणि मम्मी-पप्पा आले. लोक इंग्रजीला बोल लावतात. मला वाटतं, बाळाच्या ओठांनाही ते शब्द सोपे होते, म्हणून इतक्या लवकर रुजले. पण वडिलांना 'तात्या' म्हणणारं घर दिसेनासं होतंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ती हाक कोणत्याच बाळाला आपोआप सुचणार नाही. ती शिकायला घरात काका-आत्या लागतात.