अमेरिकेत शिक्षकांची ‘पक्की नोकरी’ कोर्टात का पोहोचली होती?

शिक्षक नीट शिकवत नसेल आणि त्याला काढणंही अवघड असेल, तर नुकसान कोणाचं होतं? २०१२ मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातले नऊ विद्यार्थी हाच प्रश्न घेऊन कोर्टात गेले. ‘व्हर्गारा विरुद्ध कॅलिफोर्निया’ या नावाने हा खटला गाजला.

टेन्युअर म्हणजे काय?

टेन्युअर म्हणजे ठरावीक काळानंतर शिक्षकाला मिळणारं नोकरीचं संरक्षण. ते मिळालं की सबळ कारण दाखवून आणि सुनावणी घेऊनच शिक्षकाला काढता येतं. न्यू जर्सी राज्याने १९०९ मध्ये असा कायदा केला. त्या काळी लग्न केलं म्हणून शिक्षिकांची नोकरी जायची, सत्ता बदलली की आपली माणसं भरली जायची. ते रोखणं हा हेतू होता.

मग आक्षेप कशावर होता?

कॅलिफोर्नियात टेन्युअरचा निर्णय नोकरीच्या दुसऱ्या वर्षीच, १५ मार्चपूर्वी घ्यावा लागायचा. नवा शिक्षक कसा आहे हे कळायला एवढा वेळ पुरत नाही, असं विद्यार्थ्यांचं म्हणणं होतं. बडतर्फीची प्रक्रिया लांबलचक आणि खर्चिक होती. कपात करायची वेळ आली की शेवटी लागलेला आधी घरी जायचा, मग तो कितीही चांगला शिकवत असो. याचा फटका गरीब वस्त्यांमधल्या मुलांना बसतो, असा त्यांचा दावा होता.

कोर्टाने काय म्हटलं?

जून २०१४ मध्ये न्यायाधीश रॉल्फ ट्रू यांनी हे कायदे घटनाबाह्य ठरवले. पण २०१६ मध्ये अपील कोर्टाने हा निकाल फिरवला. कोणता शिक्षक कोणत्या शाळेत जाणार हे कायदा नाही, तर प्रशासन ठरवतं, असं त्याचं म्हणणं होतं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी प्रकरण ऐकायला नकार दिला आणि कायदे कायम राहिले.

शाळा सुधारायच्या कशा?

एक सूचना म्हणजे टेन्युअर आणखी काही वर्षांनी द्यावं. दुसरी, मुलांच्या गुणांवरून शिक्षकांचं मूल्यमापन करावं. मात्र गुणांमधल्या फरकात शिक्षकाचा वाटा साधारण १ ते १४ टक्केच दिसतो, असं अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१४ मध्ये सांगितलं होतं. घरची परिस्थिती आणि शाळेला मिळणारा पैसाही महत्त्वाचा असतो.

तिसरा मार्ग ओहायोतल्या टोलीडो शहराने १९८१ मध्ये काढला. तिथे अनुभवी शिक्षक नवख्यांना वर्षभर मार्गदर्शन करतात. मग त्यांच्या अहवालावरून शिक्षक संघटना आणि प्रशासनाची समिती कोणाला ठेवायचं हे ठरवते.

वाईट शिक्षकाला काढणं हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. चांगला शिक्षक गरीब वस्तीतल्या शाळेत टिकवायचा कसा, हा उरलेला अर्धा भाग कोर्टाच्या निकालाने सुटत नाही.