दूध उतू गेलं, दोष कुणाचा?

मैत्रिणींनो, गच्चीवर कुरडया घालून बाई जरा पाठ टेकते न टेकते, तोच आभाळ भरून येतं, हा अनुभव तुम्हाला काही नवा नाही. आमच्या कंधारला मागच्या एप्रिलात तेच झालं. पाच किलो गव्हाचा चीक, तीन दिवसांची मेहनत, आणि दहा मिनिटांच्या पावसात सारा लगदा! तो गोळा करून मी खाली आले, तर घरात निराळंच वादळ उठलेलं.

सासूबाई म्हणत होत्या, "अवकाळी काय आजचा हाय का? निसर्गाचा फेरा हाय ह्यो. बहात्तरला आम्ही खडी फोडली, सुकडी खाल्ली. तवा कुणी हवामानाचं नाव घेतलं न्हाई." यांचं म्हणणं, "आई, आता तसं राहिलं नाही, सगळ्या जगाचं हवामान बदललंय." धाकट्या भावजींनी तिसरंच काढलं, "बदललं ना? मग गारपिटीत अन् पावसात तग धरतो तो ऊसच. मन्याडकाठच्या तिन्ही एकरांत यंदा ऊस लावू."

तुम्ही म्हणाल, घरोघरी मातीच्या चुली! पण बरं का, हाच वाद गेली काही वर्षं सबंध मराठवाड्यात चालू आहे. त्यात आपल्या विहिरीचं पाणी आणि घरची जमीन गुंतलेली आहे, म्हणून तो आपणही समजून घेतला पाहिजे.

आधी सासूबाईंचं पाहू. दुष्काळ आपल्याकडे पूर्वीही पडत, हे खरंच. पण हवा तापते आहे आणि ती माणसाच्या करणीनं तापते आहे, याबद्दल शास्त्रज्ञांत आता दुमत उरलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञ-मंडळानं २०२१ मध्ये तसं निःसंदिग्ध सांगितलं. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाफ धरून ठेवते. मग पडतो तेव्हा पाऊस कोसळतोच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० पासून मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. म्हणजे यांचं बोलणं खरं ठरलं.

पण म्हणून वाद मिटतो का? नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या शेजारच्या मुखेड तालुक्यात एका रात्रीत प्रचंड पाऊस झाला. लेंडी प्रकल्पाच्या परिसरातल्या गावांत पाणी शिरलं, हसनाळला माणसं दगावली. ढगफुटीनं झालं, असं एक बाजू म्हणाली. गावकरी म्हणाले, पुनर्वसन पुरतं न करताच धरणात पाणी अडवलं, त्यानं आम्ही बुडालो.

आता मी माझ्या स्वयंपाकघरातला दाखला देते. दूध उतू गेलं तर दोष कुणाचा? गॅस मोठा होता हे खरं. पातेलं लहान होतं हेही खरं. आणि जवळ कुणी उभं नव्हतं, हेही तितकंच खरं. गॅसकडे बोट दाखवलं म्हणून पातेलं निवडणारी सुटत नाही! पाऊस का वाढला हा एक प्रश्न, नुकसान का झालं हा दुसरा. दोन्हींची गल्लत झाली की नुसतं भांडण उरतं. 'हवामान बदललं' हे खरं कारण आहे, तसंच ते सोयीचं निमित्तही होऊ शकतं.

लातूरचं आठवा. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन आगगाडी लातूरला आली. सासूबाई सांगतात, बहात्तरला ज्वारी नव्हती, पण आडाला प्यायचं पाणी होतं. २०१६ ला दुकानात धान्य होतं, पाणी नव्हतं! पाऊस सलग दोन वर्षं कमी झाला होता, हे खरं. पण मधल्या काळात बोअर खोल खोल गेले आणि ऊस वाढला. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगानं १९९९ मध्येच सुचवलं होतं, की पाण्याची तूट असलेल्या खोऱ्यांत उसाला आवर घाला. ऐकलं कुणी?

पण भावजींनाही वेड्यात काढू नका. २०१४ च्या गारपिटीत हरभरा, गहू आडवे झाले. उसाला कारखाना आहे, ठरलेला दर आहे. हवामानाच्या भीतीनं माणूस उसाकडे जातो आणि उसानं विहीर आटते, असा हा फेरा आहे.

उपायांवरही एकमत कुठे आहे? डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार योजना आली. नाले खोल झाले, पाणी साठलं, असं अनेक गावं सांगतात. अर्थतज्ज्ञ ह. मा. देसरडा यांनी मात्र नाले वाटेल तसे खणण्याविरुद्ध न्यायालय गाठलं. २०२० मध्ये महालेखापालांच्या अहवालानं म्हटलं, की ९,६३३ कोटींहून जास्त खर्चूनही भूजलाची पातळी वाढवण्यात फारसं यश आलं नाही. पुढे योजनेचा दुसरा टप्पा सुरू झालाच!

मग आपण काय करायचं? आपण महिन्याचा जमाखर्च मांडतो, तसा पाण्याचा मांडायचा. ग्रामसभेत किंवा नगरसेवकाला विचारायचं, की पडलेलं पाणी किती, अडवलं किती, कोणत्या पिकाला गेलं? आपल्या कंधारात राष्ट्रकूटांच्या काळातला जगतुंग समुद्र आहे. त्या तलावाच्या गावाला हा हिशेब जड जाऊ नये. घरचाही हिशेब सोपा आहे. ५०० चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर साधारण ४,६०० लिटर पाणी होतं. पहिल्या पावसाचं सोडून द्या, पुढचं गाळून टाकीत किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात घ्या.

आमच्याकडे त्या रात्री जेवणं झाल्यावर मी वही काढली आणि विहिरीला कोणत्या महिन्यात किती पाणी असतं ते मांडलं. मार्चनंतर तिथे शून्यच होतं! भावजी बराच वेळ गप्प बसले. शेवटी ठरलं, ऊस एकाच एकरात, तोही ठिबकवर. उरलेल्या दोन एकरांत सोयाबीन, तूर रुंद सरी-वरंब्यावर, म्हणजे उघडीप पडली तर सरीत ओल टिकते आणि पाऊस जास्त झाला तर पाणी निघून जातं. भावजी अजून थोडे नाराज आहेत, सासूबाईंचा निसर्गाचा फेरा सुटलेला नाही. असू दे. वाद चालू राहिला तरी चालेल, हिशेबाची वही मात्र बंद करायची नाही.

आणि कुरडया? त्या यंदा मार्चमध्येच उरकून घ्यायच्या, असं सासूबाईंनीच ठरवलंय!